सुटं मिळेल

माझ्या दुकानात काडेपेटीतली काडीसुद्धा सुटी मिळते,
सिगारेट एकेक, तेल वाटीनं.
मागच्या कापणीपासून इंटरनेटही.
एका लोतीला वीस मिनिटं, पाच मालोतीला दिवस,
परवलीचा शब्द वहीच्या चिटोऱ्यावर
माझ्याच तिरक्या अक्षरात.

कंपनीचा माणूस एकदाच आला होता, घोड्यावरून, वैतागलेला.
नव्वद उंबरे, म्हणाला,
नव्वद उंबऱ्यांसाठी कोण उभारतो टॉवर?
हिशेब त्याचा चुकला नव्हता.
लेसोथोच्या या अंगाला रस्तासुद्धा
वाट चुकूनच येतो.

मग मासेरूहून लिपुओ आली.
दोन पांढऱ्या पेट्या, दुधाच्या भुकटीच्या डब्याएवढ्या,
एक सोलर पॅनेल, आणि शीळ घालायची सवय.
म्हणाली, तार नको. फक्त हा डोंगर
आणि दवाखान्याचा तो डोंगर
यांची नजरानजर व्हायला हवी.
आजवर आम्ही नजर लागू नये म्हणून
पोरांच्या कमरेला मणी बांधले.
हे यंत्र नजर लागली तरच चालणारं.

नकाशा म्हणाला, दिसतं. पेटी म्हणाली, नाही.
तीन दिवस असेच गेले.
चौथ्या दिवशी केकेत्सो,
सातव्या वर्षापासून मेंढ्यांमागे, शाळेत एकूण अकरा दिवस,
ब्लँकेटातून आरशाचा तुकडा काढत म्हणाला,
इथून नाही दिसायचं, मधे गुडघा येतो.
(त्या सोंडेला आम्ही गुडघाच म्हणतो.)
वर गिधाडं बसतात ना, तिथून
मी मोलेफीला ऊन पाठवतो. रोज.
तो उलट पाठवतो.
काय सांगता एकमेकांना, लिपुओनं विचारलं.
काही नाही. आहेस का, एवढंच.

पेटी तिथेच बसवली.
आता दवाखान्यातली नर्स पुरळाचा फोटो पाठवते
आणि शहरातला डॉक्टर जेवता जेवता औषध सांगतो.
मास्तर कपाटाआड उभं राहून फुटबॉल बघतात,
त्यांची उधारी सव्वीस.
केकेत्सोनं पहिल्या दिवशी स्वतःच्या कुत्र्याचं नाव शोधलं.
सापडलं नाही, तर हसला.

मा-खोत्सो दर रविवारी येते,
एक लोती मुठीत, घामानं ओला.
मी तिच्या पोराचं नाव काढून देते.
पलीकडच्या देशात, खाणीत आहे तो.
ती फोन लावत नाही. लिहून घे म्हणत नाही.
नावाशेजारी हिरवा ठिपका उमटेपर्यंत
साबणाच्या खोक्यावर बसून राहते,
उमटला की उठते.

एकदा मी म्हटलं, बोल ना गं, मिनिटं उरलीत तुझी.
म्हणाली, भांडून गेलाय. बोलले तर पुन्हा भांडेल.
जागा आहे ना, झालं.
उरलेली दे कुणाला तरी.

मला कळत नाही ती मिनिटं कुठल्या खात्यात घालायची.
वहीच्या मागच्या पानावर नुसती साठतायत,
चारशेच्या वर गेली.

जानेवारीत वीज पडली. पेटीचा कोळसा.
नवी यायला दोन महिने, आणि वर्गणी आधी.
चाळीस उंबऱ्यांनी दिली.
बाकीचे म्हणतात, लोकर विकली की बघू.
मी पाटी उतरवलेली नाही.

रविवारी मा-खोत्सो आलीच.
बंद आहे गं, म्हटलं, वर वीज पडली.
ती दारातच उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून.
गिधाडांच्या कड्यावर
केकेत्सोचा आरसा चमकला, दोनदा,
आणि दरीपलीकडून, जरा उशिरानं, एकदा.

तिनं मूठ उघडली.
याचे किती?